बिडाची प्लेट

मनकर्णाबाई ट्रॅक्टर चालवतात हे हर्सूलपासून जटवाड्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्याला ठाऊक नसे त्याला त्या स्वतः सांगत. डोक्यावरून पदर, पदरावरून घट्ट बांधलेला नवऱ्याचा जुना रुमाल, पायात कॅनव्हासचे बूट, अशी सत्तरी ओलांडलेली ही बाई पेरूच्या दोन ओळींमधून ट्रॅक्टर काढत असली की रस्त्यावरची माणसं गाडी हळू करत. कुणी मोबाइल काढला की मनकर्णाबाई इंजिनाच्या वरचा आवाज काढून विचारत, "काय रं, माकड पाह्यलं का?"

ट्रॅक्टर बुटका होता, बागेसाठीच बनवलेला. अप्पारावांनी, म्हणजे त्यांच्या मालकांनी, शेवटची बैलजोडी गेल्यावर आणला होता. बायकोला शिकवलं तेही त्यांनीच. शेजारच्या मळ्यातले लोक तेव्हा बांधावर बसून हसले होते. ते सगळे आता प्लॉट विकून शहरात राहायला गेले होते आणि मधुमेहाच्या गोळ्या खात होते, असं मनकर्णाबाई मोठ्या समाधानानं सांगत.

अप्पाराव गेल्यावर मुलाला, सोमनाथला वाटलं की आता ट्रॅक्टर विकला जाईल. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई ट्रॅक्टरवर. सोमनाथ चिकलठाण्याला औषधाच्या कंपनीत हिशेब बघायचा, पुंडलिकनगरला फ्लॅटमध्ये राहायचा आणि दर रविवारी बागेत येऊन एकच वाक्य म्हणायचा, "आई, आता पुरे. चल आमच्याकडं." गेल्या दिवाळीत त्याच्या घरी फराळ करताना हे वाक्य जरा जास्तच वेळा झालं, तेव्हा मनकर्णाबाई चकली मोडत म्हणाल्या, "ट्रॅक्टर बंद पडंल त्या दिवशी येते. मग तर झालं?"

सून दीपमाला लगेच म्हणाली, "शब्द दिला हं, आत्या." ती सासूला आत्या म्हणायची. शाळेत मराठी शिकवायची आणि घरीही सुट्टी घ्यायची नाही.

"दिला," मनकर्णाबाई म्हणाल्या. ट्रॅक्टर बंद पडेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आणि दिलेला शब्द फिरवायचा असतो असं तर त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

थंडी सरता सरता, गवत काढताना ट्रॅक्टरच्या पोटातून एक वेगळाच आवाज आला. मनकर्णाबाईंनी इंजिन बंद केलं, खाली उतरल्या, गुडघ्यावर बसून पाहिलं. इंजिन ज्या जाड प्लेटवर बसवलेलं असतं तिला बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत तडा गेला होता. त्यांनी पान्यानं प्लेटवर टकटक केलं. प्लेट घोगरी बोलली. तडा गेलेला बिडाचा तवा बोलतो तशी.

प्लेट बिडाचीच होती. बीड म्हणजे ओतीव लोखंड. हे मनकर्णाबाईंना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. सासूच्या हातचा बिडाचा तवा त्यांनी इतकी वर्षं वापरला होता. बीड तापतं सावकाश, निवतं सावकाश, वाकत मुळीच नाही आणि मोडलं की मोडलंच. सुनेच्या घरचे काळे गुळगुळीत तवे, ज्यांना पितळी उलथनं लावलं तरी ती किंचाळते, त्यांना त्या तवा म्हणायलाही तयार नव्हत्या.

बागेत कामाला असलेला कचरू डोकं खाजवत म्हणाला, "मालकीणबाई, मंग आता जावं लागंल का पुंडलिकनगरला?"

"तू आधी ते गवत उचल," मनकर्णाबाई म्हणाल्या.

हर्सूलच्या रस्त्यावर शिवम नावाच्या पोराचं वेल्डिंगचं दुकान होतं. पोरगा म्हणायचा इतकंच, तिशीचा बाप्या होता. पाटीवर त्याचा स्वतःचा गॉगल घातलेला फोटो, आणि फोटोखाली कामांची यादी इतकी लांब की खरं येत काय असेल याची शंका यावी. तो मशीन घेऊन बागेत आला.

"शिवम, ही बिडाची हाय," मनकर्णाबाईंनी आधीच सांगितलं. "साध्या कांडीनं नाय धरायची."

"आजी, आपलं मशीन काय बी धरतं. मागच्या महिन्यात जेसीबीचं बकेट जोडलं."

"बकेट बिडाचं असतं का?"

"आजी, तुम्ही सावलीत बसा बरं."

मनकर्णाबाईंनी आयुष्यभर पाहिलं होतं. पुरुषाजवळचं उत्तर संपलं की तो बाईला सावलीत बसवतो.

शिवमनं ठिणग्या उडवल्या, धूर केला, काचेचा मुखवटा वर करून कामाकडं पाहिलं. वेल्डिंगची ओळ खरंच सुरेख आली होती, वेणी घातल्यासारखी. त्यानं तिचा फोटो काढून मोबाइलवर स्टेटसला टाकला. स्टेटस टाकून होतंय न होतंय तोच निवत चाललेल्या प्लेटमधून 'टिच्' असा आवाज आला. वेणी शाबूत होती. तिच्या अगदी शेजारून नवा तडा गेला होता, पहिल्यापेक्षा लांब.

"मटेरियलच खराब हाय आजी," शिवम म्हणाला.

"मटेरियल चांगलं व्हतं. तू यायच्या आधी."

"कंपनीचाच फॉल्ट असतो कधी कधी."

"व्हय. तो फॉल्ट आता तुझ्या फोटोत बी आला आसंल. बघ जरा." शिवम खरंच मोबाइल काढून बघायला लागला, तेव्हा मनकर्णाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांचे मालक असते तर, असं त्यांच्या मनात आलं. त्यांच्या वेळी माणसं एखादी गोष्ट येत नसेल तर येत नाही म्हणत. येत असेल तरी दोनदा विचारल्याशिवाय सांगत नसत.

रविवारी सोमनाथ आणि दीपमाला गाडी घेऊन आले. कचरूच्या तोंडात तीळ भिजत नसे, त्यामुळं त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. दीपमालाच्या चेहऱ्यावर तर निकाल लागल्याचा आनंद होता.

"आत्या, खोली अगदी तयार आहे. पडदेसुद्धा लावले. बाल्कनीत तीन कुंड्या ठेवल्यात, तुम्हाला झाडांची आवड म्हणून."

"तीन?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "मंग त्याला ट्रॅक्टर पुरंल का मोठा आणावा लागंल?"

सोमनाथ ट्रॅक्टरपाशी उकिडवा बसून प्लेट बघत होता. बघत होता म्हणजे हिशेबातली चूक शोधावी तसं. "आई, बंद पडला ना शेवटी?"

"बंद कशाचा पडतोय? प्लेट तडकलीय. त्या शिवम्यानं आणखी तडकवली. अरे, बिडाची हाय ती. ह्याला बिडाचंच माणूस पायजे. तसली माणसं आता इथं ऱ्हायली कुठं?"

"आत्या," दीपमाला म्हणाली, "बिडाची नाही, बीडची. गावाच्या नावाचं असं सामान्यरूप होत नाही. नांदेडची, परभणीची, बीडची."

'आत्या' हा शब्द त्या विशिष्ट सुरात आला की मनकर्णाबाई कान मिटून घेत. नळ बंद करावा इतकं ते त्यांना सोपं झालं होतं. त्यामुळं पुढचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. दिवसभरात सून त्यांच्या बोलण्यातल्या इतक्या चुका काढायची की त्या सगळ्या ऐकायच्या म्हटल्या तर बाग कुणी बघायची?

सोमनाथ मात्र हनुवटी खाजवत होता. "म्हणजे तिकडंच न्यावी लागंल."

"मंग? न्यावीच लागंल."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगते तर ऐकतंय कोण?"

त्यानं कचरूला हाक मारली. दोघांनी इंजिनाखाली लाकडाचे ठोकळे दिले, बोल्ट काढले, प्लेट सोडवली. सोमनाथनं ती पोत्यात गुंडाळली आणि गाडीच्या डिकीत ठेवली.

"कुठं नेतो?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"बघतो," सोमनाथ म्हणाला.

"तोवर बॅग भरून ठेवा, आत्या," दीपमाला खिडकीतून म्हणाली, आणि गाडी गेली.

मनकर्णाबाई ठोकळ्यांवर टेकलेल्या इंजिनाकडं बघत उभ्या राहिल्या. सोमनाथचं 'बघतो' त्यांना चांगलं माहीत होतं. विहिरीच्या मोटारीचं तो बघणार होता, गोठ्याच्या पत्र्यांचं बघणार होता, मावसबहिणीच्या नोकरीचं तर तिला नातू झाला तरी बघतच होता.

दिवस जायला लागले आणि त्याचा फोन आला नाही. मनकर्णाबाईंनी केला नाही. आपल्या पोटच्या पोराला फोन करून "माझी प्लेट दे" म्हणायचं, हे त्यांच्या जिभेवर येईना. पेरूच्या ओळीत गवत वाढत होतं.

"मालकीणबाई," कचरू एकदा चहा पिता पिता म्हणाला, "साहेबांनी भंगारात तर नसंल घातली? म्हंजे ट्रॅक्टर कायमचाच बंद."

"गप ऱ्हा," त्या म्हणाल्या, पण चहा तसाच ठेवून उठल्या. तेच त्यांच्याही मनात होतं. प्लेट नाही तर ट्रॅक्टर नाही, ट्रॅक्टर नाही तर शब्द पाळायचा, आणि शब्द पाळायचा म्हणजे तीन कुंड्या. गाडीत घालून नेता येत नाही अशा आईला नेण्याची ही किती सोपी युक्ती. हिशेबनीसच तो, त्याला बरोबर सुचली.

मग त्या रिक्षा करून शहरात, शहागंजच्या बाजारात गेल्या. घड्याळाच्या टॉवरपाशी उतरल्या आणि त्यांना क्षणभर वाटलं, रिक्षावाल्यानं भलतीकडंच आणलं. अप्पारावांबरोबर यायच्या तेव्हा या गल्लीत पाय ठेवला की तेलाचा आणि गंजाचा वास यायचा. नांगराचे फाळ, पाट्या, साखळ्या, मोटेची चाकं रस्त्यापर्यंत मांडलेली असत, आणि ठोकाठोकीत माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. अप्पाराव एकेक वस्तू हातात घेऊन वाजवून बघायचे, तास न् तास, आणि दुकानदार पान लावून द्यायचे. आता जिकडंतिकडं मोबाइलची कव्हरं लटकत होती. गुलाबी, चमकी लावलेली, सशाचे कान असलेली. सशाचे कान लावलेल्या फोनवर माणसं काय बोलत असतील, हा विचार करत त्या गल्लीच्या टोकाला गेल्या.

तिथं जब्बारसेठचं भंगाराचं दुकान अजून होतं. स्वतः जब्बारसेठ खुर्चीत बसून मोबाइलवर क्रिकेट बघत होते.

"बीड का प्लेट होना," मनकर्णाबाई म्हणाल्या. "छोटे ट्रॅक्टर का. इंजिन के नीचे का."

"हौ, मिलता. नहीं मिला तो ढलवा के देतूं, पहचान का कारखाना है," जब्बारसेठ मान वर न करता म्हणाले. "पुराना पीस लाव अम्मा, नमुने को."

"पीस नहीं."

"कायकू नहीं?"

"लेक लेके गया."

आता जब्बारसेठनी मान वर केली. "तो मैं क्या हवा में देख के ढालूं? लेक को पकडो अम्मा, मेरे को नक्को." शेजारचा कव्हरवाला पोरगा फिदीफिदी हसला. मनकर्णाबाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं उगाच दोन सशांचे कान सरळ केले.

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून पिशवी काढली. कधीतरी भरायचीच आहे तर आजच. दोन लुगडी घातली. ती परत काढली. मग आधी पाना घातला, आणि पिशवी खिळ्याला अडकवून ठेवली.

त्यानंतर एका दुपारी फाटकाशी गाडी वाजली. सोमनाथ उतरला. सदऱ्यावर तेलाचे काळे डाग, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. मागून दीपमाला उतरली, तोंड मिटून. सोमनाथनं डिकीतून पोतं काढलं आणि आईच्या पायाशी ठेवलं.

"घे. बीडची प्लेट."

मनकर्णाबाईंनी पोतं उलगडलं. आत दोन प्लेटी होत्या. एक त्यांची तडकलेली आणि एक नवी, कडा कापलेल्या ताज्या दिसत होत्या. त्यांनी पान्यानं नवीवर टकटक केलं. स्वच्छ, लांब आवाज आला.

"ही बिडाची नाय," त्या म्हणाल्या. "ही साधी लोखंडी हाय."

"बीडचीच हाय. मी स्वतः जाऊन आणली."

"कुठून आणली?"

"बीडहून."

"कोणत्या बीडहून?"

"आई, बीड किती असतात? जिल्हा बीड. बार्शी नाक्याजवळ एक वर्कशॉप हाय. चार मुक्काम पडले तिथं."

मनकर्णाबाई आधी सोमनाथकडं, मग दीपमालाकडं, मग पुन्हा सोमनाथकडं बघत राहिल्या. कचरूच्या हातातलं खुरपं थांबलं होतं. मग जे सुरू झालं ते शेजारच्या प्लॉटवर विटा उतरवणाऱ्या लोकांनीही काम थांबवून ऐकलं.

"अरे येड्या! बीड म्हंजे ओतीव लोखंड! बिडाच्या तव्यावरची भाकर खाऊन वाढला ना रं तू? मी धातू सांगते आन तू जिल्हा गाठला? बरं झालं मी प्लेट सोन्याची हाय म्हणले नाय, सोनपेठला गेला असता! चिकलठाण्यात तुझ्या कंपनीच्या भिंतीला लागून वर्कशॉपं हायेत. शंभर माणसं लोखंड कापत बसलीत. तू त्यांच्यासमोरून गाडी काढली आन बीडला गेला?"

"पण तुम्हीच म्हणालात ना आत्या, बीडची–" दीपमालानं सुरुवात केली.

"मी बिडाची म्हणले! बिडाची! बीडची तू म्हणली असशील. तूच! मुलांना बी हेच शिकवती का?"

दीपमाला लाल झाली. तिला आता ते सामान्यरूप चांगलंच आठवत होतं.

सोमनाथ पायरीवर बसला. "माहीत झालं मला," तो म्हणाला.

"कवा?"

"तिथं गेल्यागेल्या. पहिल्याच दुकानात. त्या माणसानं प्लेट हातात घेतली, वाजवली आन म्हणाला, हे बीड हाय. मी म्हणलं, म्हणूनच तर आलो. तो म्हणाला, कुठून आलात? मी म्हणलं, संभाजीनगरहून. तो म्हणाला, आम्हाला बीड दाखवायला? मी म्हणलं, हो." सोमनाथ सदऱ्यावरचा डाग नखानं खरवडू लागला. "मग त्यानं आजूबाजूच्या दुकानदारांना बोलावलं. मला बसायला स्टूल दिलं. चहा पाजला. एकजण म्हणाला, बीडला बीड आणलं, आता जालन्याला काय नेणार?"

कचरूनं तोंडावर पंचा धरला आणि झाडाआड गेला.

"मंग तसाच माघारी का नाय आला?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"रिकाम्या हातानं? तुझ्यापुढं?" सोमनाथ म्हणाला. "बीडला जाऊन रिकामा आलो असतो तर तू माझ्या तेराव्यापर्यंत ऐकवलं असतंस."

"ते तर आताबी ऐकवीन."

"आता ऐकव. आता प्लेट हाय."

मनकर्णाबाईंना उत्तर सुचलं होतं, पण त्यांनी ते ठेवून दिलं. सोमनाथ पुढं सांगत होता. बीडच्या त्या माणसानं सांगितलं होतं की बिडाचा नाद सोडा, जाड लोखंडी प्लेट कापून देतो, जुनी तिच्यावर ठेवून भोकं पाडतो. ही एखाद्या वेळी वाकेल पण अशी तुटणार नाही. रजा टाकून सोमनाथ तिथंच थांबला होता. भोकं पाडताना जुनी प्लेट त्यानं स्वतःच्या हातानं दाबून धरली होती. डाग तिथलेच होते.

मनकर्णाबाईंनी नवी प्लेट उलटसुलट केली. नखानं कडा तपासल्या. भोकांतून बोटं घातली. "हे एक भोक तिरपं हाय," त्या म्हणाल्या.

"तेवढं तिरपं चालतं."

"बीडला चालत आसंल."

प्लेट बसवायला सोमनाथ खाली आडवा झाला. कचरूनं ठोकळे सरकवले. मनकर्णाबाई वरून सांगत होत्या, "डावीकडं. अरे तुझं डावीकडं नाय, ट्रॅक्टरचं. आवळ. तेवढंच आवळतो का? जेवला नव्हता का बीडला?" तिरपं भोक कुरकुरलं, पण बोल्ट गेला. इंजिन जागी बसलं. त्या ट्रॅक्टरवर चढल्या, किल्ली फिरवली. एकदा, दोनदा, आणि मग त्या बुटक्या पोटातला ओळखीचा आवाज बागभर झाला.

त्यांनी इंजिन तसंच धडधडत ठेवलं. तेव्हा दीपमाला पुढं आली. तिचा चेहरा अजून लाल होता आणि तिला कुठंतरी बरोबर ठरायचं होतं.

"पण आत्या, तुम्ही शब्द दिला होता. बंद पडेल त्या दिवशी येते म्हणून. इतके दिवस ट्रॅक्टर बंदच होता ना?"

मनकर्णाबाईंनी इंजिन बंद केलं. खरं तेच होतं. त्यांना वाद घालता आला असता, आणि सुनेशी वाद घालणं म्हणजे त्यांना जेवणानंतरच्या बडीशेपेसारखं होतं. पण शब्द त्यांनीच दिला होता, चकली मोडत, गरज नसताना, तोऱ्यात. त्यांनी घराकडं पाहिलं. खिळ्याला अडकवलेली पिशवी दारातून दिसत होती.

सोमनाथ चिंधीनं हात पुसत होता. "बंद कुठं पडला?" तो दीपमालाकडं न बघता म्हणाला. "प्लेट बाहेरगावी गेली व्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? माणूस बाहेरगावी गेला म्हणजे मेला का?"

"पण खोली? पडदे?"

"पडद्यांना काय घाई हाय?"

दीपमालानं त्याच्याकडं एक नजर टाकली, ती घरी गेल्यावर उलगडायची होती, आणि गाडीकडं निघून गेली.

मनकर्णाबाईंनी मुलाकडं पाहिलं. त्याचं टक्कल पडत चाललं होतं. कपाळ बापासारखं होतं, अक्कल मात्र कुणावर गेली याचा त्यांना कधीच पत्ता लागला नव्हता.

"सोमनाथ, मला वाटलं तू ती भंगारात घातली."

"माहीत हाय. कचरूनं सांगितलं फोनवर."

"मंग फोन करून सांगता येत नव्हतं?"

"काय सांगू? बीडला हाय म्हणून?"

मनकर्णाबाईंना हसू फुटलं. त्यांनी ते लुगड्याच्या पदरात घालायचा प्रयत्न केला, पण ते तिथं मावलं नाही. सोमनाथही हसला, पण जरा जपूनच, उद्यापासून ही गोष्ट कुठं कुठं जाणार आहे याचा अंदाज असल्यासारखा.

"तुला वाटंल तवा ये," तो म्हणाला. "ट्रॅक्टर बंद पडला म्हणून नको."

त्यावर मनकर्णाबाई ट्रॅक्टरवरून खाली उतरल्या. सीटवरची धूळ रुमालानं झटकली.

"बस," त्या म्हणाल्या.

"मी?"

"मंग काय बीडहून माणूस बोलावू? प्लेट तू बसवलीस. टिकती का नाय ते तूच बघ."

सोमनाथ बसला. गुडघे कानाला लागतात की काय असा. क्लच एकदम सोडल्यामुळं ट्रॅक्टरनं सशानं मारावी तशी उडी मारली आणि पेरूच्या पहिल्या ओळीत शिरला. मनकर्णाबाई बूट घातलेल्या पायांनी बाजूनं चालू लागल्या.

"हळू. हळू सोड. डाव्या अंगाला फांदी हाय, वाक. अरे, मान वाकव, ट्रॅक्टर नाय! सरळ बघ. सरळ म्हंजे कसं असतं तेबी सांगू का? तुझ्या बापानं ह्या वळणावर एकदा तरी रेस कमी केली व्हती का..."

ओळ वाकडी होत होती, गवत अर्धं कापलं जात होतं, अर्धं राहत होतं. मनकर्णाबाई ओळीच्या टोकापर्यंत एकही पाऊल मागं न राहता त्याच्याबरोबर चालत गेल्या, आणि तिथं पोचल्यावर म्हणाल्या, "आता वळव. ह्यात तर तुझी खरी फजिती हाय."